नजरेचा खुंटा

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर लाल्या आणि गावांवर समित्या एकाच हंगामात पडल्या. लाल्याने निदान पानांचा रंग तरी बदलला. समित्या आल्या, पाहून गेल्या, आणि रेस्ट हाऊसच्या खानसाम्याखेरीज कुणाच्या दिनक्रमात काही फरक पडल्याचं दिसलं नाही. एक समिती लागवडीची होती, एक शेतकऱ्यांच्या मनःस्थितीची, आणि एक या दोघींच्या अहवालांत मेळ घालण्यासाठी नेमलेली.

अशा दिवसांत प्रेमसिंग राठोड यांनी आर्णी रोडवरच्या आपल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात ‘कापूसनगरी’ नावाचं उद्यान काढलं. त्यांचा विचार सरळ होता. शहरातल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी सुखी खेडं पाहायचं असतं. तसं खेडं आसपास मिळेना, तेव्हा ते बांधणं आलं. बैलगाडीची फेरी होती. विहिरीवर मोट होती, तिला बैलाऐवजी मोटार जोडली होती. लहान मुलांसाठी कापसात उड्या मारायची खोली होती आणि तिच्यात स्पंज भरला होता, कारण कापूस कपड्यांना चिकटतो.

पण उद्यानाचा जीव होता तो एका गल्लीत. ‘भरलं गाव’ असं तिचं नाव. लांबी साठ फूट. योग्य जागेवरून पाहिलं तर ती अर्धा मैल दिसायची: दोन्ही बाजूंना कौलारू घरं, दारांत तुळशी, ओसऱ्यांवर कापसाचे ढीग, गल्ली संपते तिथे हिरवीगार कपाशी, आणि ती पार आभाळाला टेकलेली. ती बांधली होती देवराव पेंटर यांनी, आणि बांधून झाल्यावर दीड महिन्याने ते वारले होते.

देवरावांनी तीस वर्षं यवतमाळच्या दुर्गोत्सवात देखावे उभे केले. बारा फुटांच्या बोळात त्यांनी हिमालय बसवला होता, आणि एका वर्षी किराणा दुकानाच्या मागच्या भिंतीवर समुद्र. स्वतः बौद्ध, घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखेरीज काही नाही. कुणी खोचकपणे विचारलंच, तर म्हणत, “देव त्यांचा, खुंटा माझा.”

खुंटा ही त्यांच्या कामाची पहिली वस्तू. जिथून बघणाऱ्याने बघायचं तिथे ते बाभळीचा खुंटा ठोकत, तो बघणाऱ्याच्या डोळ्याएवढा उंच ठेवत, आणि त्याच्यापासून सुतळ्या ताणून सगळं मोजत. पुढचं घर पुरतं, त्यामागचं थोडं लहान, त्यामागचं आणखी. रस्ता मागे जाताना अरुंद होत जाणार आणि जरासा चढणार. छपरं उतरत जाणार. विटा, खिडक्या, कौलं, दारातली चप्पल, सगळं त्या प्रमाणात बारीक होणार. शेवटी ताणलेला पडदा, त्याच्यावर रंगवलेला उरलेला रस्ता. खुंट्यापाशी उभं राहिलं की घर कुठे संपलं आणि पडदा कुठे सुरू झाला ते कळत नसे. दोन पावलं सरकलं की सगळं गाव दारू प्यायल्यासारखं वाकडं. काम झालं की देवराव खुंटा तिथेच ठेवत. मंडळाची पोरं त्याला फुगे बांधत.

त्यांची मुलगी मैत्रेयी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आई, प्रभावती, जाऊन बारा वर्षं झाली होती. बाप गेल्यावर मैत्रेयीने पंधरा दिवस रजा घेतली आणि सोळाव्या दिवशी ग्रंथालयात जाऊन पुस्तकांवर नंबर टाकायला बसली. सहकाऱ्यांना ती फारच धीराची वाटली. तिला स्वतःला एकच गोष्ट पचत नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले होते, “निदान सहा महिन्यांचा आजार आहे. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” आणि गल्लीच्या कामासाठी ते आर्णीकडे राहायला गेल्यापासून ती दर रविवारी जाऊन त्यांना भेटत होती. रोज संध्याकाळी फोन करत होती. “बाबा, कसे आहात?” की त्यांचं ठरलेलं उत्तर, “उभा हाओ.”

डिसेंबरात, एका बुधवारी, प्रेमसिंगभाऊंचा फोन आला.

“ताई, तुमच्या बाबाची गल्ली वाकडी दिसून राह्यली.”

“वाकडी म्हणजे?”

“मांगचं घर पुढच्या घराच्या डोक्यावर येऊन बसलं. ठेकेदारानं फरशी बसवताना खुंटा उपटला. मी म्हटलं, काहाले उपटला बाप्पा? थो म्हणे, भाऊ, बैल कुठं होता बांधाले.”

मैत्रेयीने फोन दुसऱ्या कानाला धरला.

“शनिवारी समिती येऊन राह्यली उद्घाटनाले. अध्यक्षसाहेब सोता. नागपूरचा एक डिझायनर आणला, तो म्हणते, हे जुन्या जमान्याचं काम हाय, पाडा, अन् तिथं फायबरचं कापसाचं बोंड बसवा, पंधरा फुटाचं. लोकं त्याच्यापुढं फोटो काढतीन. आता तुमीच सांगा. उद्या तुमी येऊन जागा दाखवली त ठीक. नाई त शुक्रवारी जेसीबी येते.”

मैत्रेयीने बापाची वही पिशवीत घातली आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने आर्णीला उतरली.

कापूसनगरीत नवी फरशी चकचकत होती. खुंट्याचं भोकसुद्धा राहिलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी चार फूट उंच स्टेज बांधलं होतं, वर सोफे, सोफ्यांवर प्लॅस्टिकचं आवरण. मैत्रेयी स्टेजवर चढली आणि तिने गल्लीकडे पाहिलं. मग तिला खाली बघावं लागलं. वरून ते कुणीतरी मुद्दाम मोडून ठेवलेल्या खेळण्यासारखं दिसत होतं. मागच्या घरांची छपरं उघडी पडली होती आणि त्यांच्या पाठीचे बांबू दिसत होते.

तिसऱ्या घरापाशी एक बाई लहानशी घागर घेऊन उभी होती. ही जमनी. जवळच्या तांड्यावरची, उंची चार फूट एक इंच. या नोकरीसाठी तिला अठरा जणींमधून निवडलं होतं. बुटकेपणाच्या गुणवत्तेवर झालेली ती जिल्ह्यातली बहुधा पहिलीच भरती. काम एवढंच, की तिसऱ्या घरापाशी उभं राहायचं आणि पुढे-मागे सरकायचं नाही.

“किती वेळ उभ्या आहात?” मैत्रेयीने विचारलं.

“परवापासून अर्धा मैल लांब हाओ, बाई,” जमनी म्हणाली. “चहा येईस्तोर थंडा होते.”

मैत्रेयीने वही उघडली. प्रत्येक देखाव्याला एक पान होतं आणि प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच: ‘उभी नजर, चार फूट दहा.’ देवराव पाच फूट तीन इंच होते. स्वतःच्या डोळ्यांची उंची हेच त्यांचं माप. हिमालय काय, समुद्र काय, सगळ्यांनी चार फूट दहा इंचांपुढे मान वाकवलेली. कापूसनगरीच्या पानावर घरांची मापं होती, कौलांची होती, जमनीचीसुद्धा होती. पहिली ओळ मात्र कोरी होती.

“सुतळी आहे का?”

जमनीने घागर खाली ठेवली. “सरकू ना मी? तुमी सांगतलं म्हणून सरकतो, बरं. कोणी इचारलं त सांगजा.”

दोघींनी दोन्ही बाजूंच्या जोत्यांवरून एकेक सुतळी मागे ताणली, छपरांच्या कडांवरूनही एकेक. लहानपणी मैत्रेयीने बापासाठी हे शंभरदा केलं होतं. चारही सुतळ्या पडद्यावर जिथे एकत्र येतात तिथे चित्रातलं क्षितिज असतं, आणि जेवढं क्षितिज उंच तेवढीच बघणाऱ्याची नजर. चारही सुतळ्या एका ठिपक्यावर आल्या. केसाचाही फरक नव्हता. मैत्रेयीने पुढच्या फरशीची पातळी धरून उंची मोजली.

अडीच फूट.

तिने पुन्हा मोजली. मग टेप उलटा धरून मोजली. तिचा बाप मापात कधी चुकला नव्हता. चार फूट दहाच्या जागी अडीच फूट, ही चूक शिकाऊ पोरानेही केली नसती.

“चुकलंय काहीतरी,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“बाबांनी हे उभ्या नजरेनं केलेलं नाही.”

जमनीने तिच्याकडे पाहिलं. “उभे कुठून राह्यतीन? पोत्यावर बसूनच करत सारं. पाय असे झालते, केळीच्या खांबावानी. वाहिद मिस्त्री त्यांले सकाऊन उचलून आणून बसवे अन् सांजी उचलून नेये. तिथूनच सांगत मले, जमनी, मांगं हो. जमनी, अजून जराशी मांगं.” मग थांबून म्हणाली, “तुमाले माहीत नोयतं?”

“नाही.”

“मंग रयवारी काहून जात आर्णीले? दोन घंटे आंधी रिक्षा बोलवत. म्हणत, पोरगी येयाच्या आंधी जाऊन बसलेलं बरं.”

आर्णीच्या एसटी स्टँडसमोरचं ते हॉटेल. ती बसमधून उतरायची तेव्हा बाबा आत बसलेलेच असायचे, भिंतीच्या कडेला, दाराकडे तोंड करून. केस विंचरलेले, पाय टेबलाखाली. निरोप घ्यायची वेळ आली की म्हणायचे, “तू हो पुढं, माझा अर्धा चहा राह्यला.” मैत्रेयीला वाटलं होतं, म्हाताऱ्याला चहाचं व्यसन लागलं. एकदा ती त्यावरून त्यांना बोललीही होती. त्या हॉटेलात तिची खुर्ची नेहमी तीच असायची. दुसरीवर, जिथून त्यांचे पाय दिसले असते, ते पिशवी ठेवत.

ती बराच वेळ सुतळी गुंडाळत राहिली. सुतळी संपल्यावर जमनीने तो गुंडा तिच्या हातातून काढून घेतला.

“पोतं आणू का?” जमनीने विचारलं.

तिने पोतं आणलं. मैत्रेयी स्टेजच्या पुढे फरशीवर बसली आणि बसल्याबसल्या मागे सरकत गेली. पडद्याचा सांधा दिसत होता. भिंत संपते आणि कापड सुरू होतं तिथे एक काळी रेघ. ती सरकत राहिली. रेघ बारीक झाली, केसाएवढी झाली आणि गेली. तिसऱ्या घरापाशी परतलेली जमनी अर्धा मैल लांब गेली. घरांना सावल्या आल्या. ओसऱ्यांवरच्या कापसाने डोळे दिपायची वेळ आली. गल्लीच्या टोकाला वारा असल्यासारखं वाटत होतं.

मैत्रेयीने खडूने फरशीवर फुली मारली. फुली स्टेजच्या पायरीला लागून पडली.

प्रेमसिंगभाऊ मोटरसायकलवरून आले. त्यांनी फुली पाहिली, स्टेज पाहिलं.

“सापडली म्हणता जागा. मस्त. कुठून पाहाचं?”

“इथून. खाली बसून.”

“खाली कोण बसन?”

“अध्यक्षसाहेब.”

प्रेमसिंगभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. “ताई, तुमी शिकेल हा. समितीचा अध्यक्ष होय तो. त्याच्यासाठी मी सोफा वणीहून आणला. त्याले सांगू का, साहेब, जमिनीवर बसा मंग गाव दिसन? त्यापरीस गल्लीच उचलून घेऊ ना चार फूट.”

“उचलली तर ती बाबांची राहणार नाही. नजर अडीच फुटांची आहे.”

“मंग फायबरचं बोंड बरं. त्याले कोणीकडूनबी पाहा, बोंडच दिसते.”

जेसीबीवाल्याला त्यांनी फोन लावलाच. फोन लागेना, म्हणून ते हात उंच करून रेंज शोधत फिरू लागले. मैत्रेयी पोत्यावर बसलेली होती तिथूनच म्हणाली, “भाऊ, जेवणाचं काय ठरलंय?”

“जेवणाचं? बुफे हाय. नागपूरचा केटरर. पनीर, मंचुरियन.”

“रोडगे करा. कणकेचे, गोवऱ्यांवर भाजून. वांग्याची भाजी आणि वरण.”

“समितीले रोडगे?”

“रोडगे कुणी सोफ्यावर बसून खाल्लेले ऐकलेत का तुम्ही? रोडग्याची पंगत जमिनीवरच बसते. साहेबांना खाली बसा म्हणू नका. पंगत मांडलीय म्हणा. पेपरवाले असतील. शेतकऱ्यांसोबत जमिनीवर बसून जेवले, असा फोटो येईल. साहेब उभ्याउभ्या मंचुरियन खातानाचा फोटो कोण छापतं?”

प्रेमसिंगभाऊंचा हात हवेतच राहिला. रेंज आली होती, पलीकडून जेसीबीवाला “हॅलो, हॅलो” करत होता.

“शेतकरी कुठून आणू?” त्यांनी विचारलं.

“ते मात्र तुम्हाला मिळतील,” मैत्रेयी म्हणाली.

शनिवारी समिती दीड तास उशिरा आली, म्हणजे वेळेवर आली. तिसऱ्या घरापाशी जमनी नवं लुगडं नेसून उभी होती. अध्यक्षसाहेबांनी सोफ्याकडे पाहिलं, पत्रावळ्यांकडे पाहिलं, कॅमेरेवाल्यांकडे पाहिलं आणि चप्पल काढली. त्यांना खडूच्या फुलीवर बसवलं होतं. त्यांच्या डावी-उजवीकडे एकेक शेतकरी, दोघांना नवी पागोटी. मैत्रेयी वाढपी होती. वरणाचं भांडं तिने आपणहून मागून घेतलं होतं.

साहेबांनी रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि मान वर केली.

घास हातातच राहिला. ते बघत राहिले. मग त्यांनी शेजारच्या सचिवाला कोपराने ढोसलं.

“केवढ्या लोकवस्तीचं गाव आहे हे?”

सचिवांनी प्रेमसिंगभाऊंकडे पाहिलं. प्रेमसिंगभाऊंनी आभाळाकडे पाहिलं.

“दोनेक हजार असन, साहेब,” डावीकडचा शेतकरी म्हणाला. त्याला तीन दिवसांनी पोटभर जेवायला मिळत होतं. गावाच्या लोकसंख्येत हात आखडता घ्यायचं त्याला कारण नव्हतं.

“आणि कापूस असा घरोघर पडलाय. आम्हाला तर वेगळंच सांगण्यात आलं होतं.” साहेबांचा आवाज जरा दुखावलेला होता. “लिहून घ्या,” ते सचिवांना म्हणाले. सचिवांनी लिहिलं.

मैत्रेयीच्या हातातला पळा थांबला. इथवरचं तिच्या मनात आलं नव्हतं. बापाचं शेवटचं काम एकदा तरी नीट दिसावं, एवढंच तिला हवं होतं. ते दिसलं होतं, आणि आता समितीच्या वहीत चाललं होतं.

“साहेब, तो देखावा आहे,” ती म्हणाली. “साठ फुटांचा. मागे पडदा आहे.”

प्रेमसिंगभाऊंचा चेहरा राखेसारखा झाला. अध्यक्षसाहेब हसले, अगदी प्रेमाने.

“बाई, मी पंचवीस वर्षं जिल्हे पाहतोय,” ते म्हणाले. “वाढा.”

जेवण उरकल्यावर त्यांना त्या दूरच्या गावकरी बाईबरोबर फोटो हवा झाला. कुणी अडवायच्या आत ते उठून चालू लागले. दुसऱ्या घरापाशी त्यांचं डोकं छपराला लागलं. तिसऱ्या घराच्या कौलावर त्यांनी कोपर टेकलं, जमनीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा विचारात पडल्यासारखे थांबले, आणि पुढे गेले. शेवटच्या घराशी पोचले तेव्हा ते घर त्यांच्या कमरेला लागत होतं आणि त्यांच्यामागे आभाळाला टेकलेली कपाशी त्यांच्या गुडघ्यांवर आली होती. पंगतीत बसलेली माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. फोटोवाले गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी धडाधड फोटो काढले.

प्रेमसिंगभाऊ डोळे मिटून उभे होते. सचिव कॅमेरा घेऊन साहेबांकडे धावले. साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो पाहिला: सगळ्या गावाहून मोठा माणूस, हात कमरेवर, पायाशी घरं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“छान आलाय,” ते म्हणाले. मग प्रेमसिंगभाऊंकडे वळले. “ही गल्ली कायम ठेवा. दुसऱ्या दोन समित्यांनाही पाठवतो. पालिकेची माणसं येतील, बँकेची येतील. त्यांनाही इथे उभं करा.”

गाड्यांची धूळ बसायला वेळ लागला. पत्रावळ्या पडून होत्या. शेतकऱ्यांची नवी पागोटी कुणीतरी मोजून परत घेत होतं. मैत्रेयी फुलीच्या शेजारी बसून वरणाचं भांडं पुसत होती, तेवढ्यात प्रेमसिंगभाऊ जवळजवळ पळत आले.

“ताई, वाचली तुमच्या बाबाची गल्ली. जेसीबी रद्द. आता त पायजेच. पण तुमी मले मारतच होत्या आज. काहून बोलल्या तुमी मधातच?”

“खरं ते सांगितलं.”

“मंग? काय फरक पडला?”

“काही नाही.”

“तेच म्हणतो मी.” त्यांनी कपाळ पुसलं. “आता पायऱ्या करू मधातून. लीडर लोकाले शेवटच्या घरापर्यंत जाले सोपं पडन.”

मैत्रेयीने त्यांच्याकडे पाहिलं. गल्ली राहणार होती. आणि यापुढे कुणी ती बघणार नव्हतं, सगळे तिच्यात उभे राहणार होते.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही एकदा तरी पाहिलीय का ही? इथून?”

“कवा पाहू? धंदा कोण पाहीन?”

“बसा.”

“कपडे खराब होतीन.”

“बसा हो.”

ते कुरकुरत बसले, मांडी घातली, घड्याळात पाहिलं, आणि मग समोर पाहिलं. फाटकातून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. जमनी घागर उचलून दूरवरून येत होती, दुपारच्या त्या लांबलचक गल्लीतून. त्यांचा हात नकळत टोपीकडे गेला आणि टोपी मांडीवर आली.

“ते शेवटचं घर,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “तिथं कोण राह्यते?”

“कुणी नाही, भाऊ. कमरेएवढं आहे ते.”

“माहीत हाय मले,” ते म्हणाले. “मीच त बांधून घेतलं.”

फाटकातून पुन्हा हाक आली. ते उठले नाहीत.